चार दिवस इंग्रजीत

अल क्वोजच्या औद्योगिक भागात एका सुताराच्या गोदामामागे परवा मला आमचं जुनं घर दिसलं. घर म्हणजे चार दिवसांचं, चाकांवरचं. शाळेच्या ग्रंथालयासाठी शेल्फं करून घ्यायची म्हणून मी मापं घेऊन गेले होते. सुतार जेवायला गेला होता. सावली शोधत मागच्या बाजूला वळले, तर कुंपणापाशी ती मोटरहोम उभी. पांढरा रंग सायीसारखा पिवळा पडलेला, टायर बसलेले, अंगावर रंगवलेला वाळूचा डोंगर, आणि त्यावर सोलून निघालेल्या इंग्रजी वाक्यातला ‘लक्झरी’ एवढा एकच शब्द टिकून राहिलेला. या शहरात तो शब्द सगळ्यात शेवटी पुसला जातो.

“मॅडम, वो बेचने का नहीं है,” राखणदार म्हणाला. मल्याळी, साठीचा, हातात चहाचा कागदी कप. “मालिक बोलता है एक दिन चलेगी. इन्शाल्ला.”

“आत जाऊन बघू? अंदर देखूँ?”

“देखो. बिल्ली का बच्चा है, पैर संभालके.”

आत बंद डब्याचा वास होता, उन्हात भाजलेल्या रेक्झिनचा, मांजरीचा. मला त्यात मोहरीचाही वास आला. नसणार, दहा-अकरा वर्षं मोहरी काय टिकते! पण नाकाला कोण समजावणार? मी त्या अरुंद बाकावर बसले आणि शेल्फांची मापं मांडीवर तशीच राहिली.

तेव्हा आम्ही अजमानला राहायचो. माझा नवरा मंदार देरा भागातल्या एका मालवाहतूक कंपनीत होता. सई सात वर्षांची, निनाद साडेतीन. आणि निनाद बोलत नव्हता. हौसेने नाव ठेवलं निनाद, आणि घरात शांतता. देवाला विनोद कळतो, फक्त वेळ चुकते.

कान तपासून झाले होते. कान उत्तम. बिस्किटाचा पुडा फोडलेला त्याला दोन दारांपलीकडून ऐकू यायचा. हसायचा, रडायचा, हवं ते बोट धरून दाखवायचा. पण हाक मारली तर ओ नाही. कधी मान वळायची, कधी तीही नाही. ‘निनाद’ म्हणून मारलेली हाक खोलीभर फिरायची आणि कुणीच न उचललेल्या पत्रासारखी माझ्याकडे परत यायची. रात्री मंदार म्हणायचा, “बोलेल गं, माझा काका पाच वर्षांनी बोलला.” मी म्हणायचे, “तुझा काका अजूनही काही उपयोगाचं बोलत नाही.” मग दोघं हसायचो, आणि हसणं संपलं की छताकडे बघत राहायचो.

शेवटी एका क्लिनिकमध्ये गेलो. वाचा-उपचार करणाऱ्या बाई सौम्य होत्या. त्यांनी विचारलं, मुलाच्या कानावर भाषा किती पडतात? आम्ही बोटं मोजू लागलो. घरात मराठी. वॉचमन, ड्रायव्हर, भाजीवाला हिंदी. पाळणाघरातल्या ताई मल्याळम. लिफ्ट, टीव्ही आणि समोरची मशीद अरबी. बहीण इंग्रजी. पाचव्या बोटाला बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मूल गोंधळलंय. एकच भाषा ठेवा. पुढे शाळा इंग्रजीत आहे, तर इंग्रजीच ठेवा. आई-वडिलांनीसुद्धा आपसांत.

आता म्हणे सगळे उलटं सांगतात, कितीही भाषा पडू देत म्हणून. तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारायला गेलो नाही. घाबरलेल्या माणसाला एकच सल्ला पुरतो.

मंदार म्हणाला, “घरी जमणार नाही. घराच्या भिंतीसुद्धा मराठी आहेत. बाहेर जाऊ. चार दिवस, चौघं, एक भाषा. परत येईपर्यंत सवय होईल.” डिसेंबरातली इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी जोडून येत होती. त्याने वाळवंटात फिरायला ही मोटरहोम ठरवली.

गाडी ताब्यात द्यायला सुटाबुटातला एक तरुण आला होता. त्याने आम्हाला ती गाडी राजवाड्यासारखी दाखवली. “सर, दिस इज युवर लाउंज.” मी आता बसले होते तो बाक. “मॅडम, द मास्टर बेडरूम.” ड्रायव्हरच्या डोक्यावरची फळी. “अँड द स्पा.” मोरी. मंदार प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मी हसू दाबत होते, कारण हसून मराठीत जे म्हणणार होते त्याला त्या सकाळपासून बंदी होती.

शहरातून बाहेर पडताना रस्ताभर झेंडेच झेंडे. बॉनेटपासून डिकीपर्यंत झेंड्यात गुंडाळलेल्या मोठाल्या गाड्या, हॉर्न, फेसाचे फवारे. त्या मिरवणुकीत आमची गाडी एखाद्या गरोदर बाईसारखी सावकाश, उजवी कड धरून चालली होती. अल धैद मागे पडलं तशी इमारतींची उंची कमी होत गेली आणि मग इमारतीच संपल्या. मलिहाच्या बाजूची वाळू पिवळी नसते. बरणीच्या तळाशी राहिलेल्या जुन्या तिखटासारखी असते, लाल आणि थोडी थकलेली. मधूनच गाफची झाडं, खालच्या फांद्या उंटांनी एका पातळीत खाल्लेल्या, जणू कुणी पट्टी लावून कापल्यात.

दुपारी एका गाफच्या आसपास टणक जमीन बघून गाडी लावली. जवळच उंटांचा गोठा होता. इथे त्याला इज्बा म्हणतात: तारेचं कुंपण, पत्र्याची सावली, पाण्याची टाकी. मी वरण फोडणीला टाकलं. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि गाडीच्या छतावरचा धुराचा भोंगा असा काही किंचाळला की सई बाकाखाली गेली आणि निनादने दोन्ही कानांवर हात ठेवले. मंदारने वर्तमानपत्राने छताला वारा घातला. लक्झरीला मोहरी चालत नव्हती. त्यानंतरच्या फोडण्या बाहेर, वाळूत स्टोव्ह ठेवून झाल्या. उघड्या वाळवंटात हिंगाचा वास किती लांब जातो, ते उंटांनी माना वर केल्या तेव्हा कळलं.

आणि इंग्रजी सुरू होतं.

मंदारचं इंग्रजी ऑफिसातलं. तो मुलाला म्हणायचा, “निनाद, काइंडली कम फॉर लंच.”

“खाली ‘रिगार्ड्स’ पण लिही,” मी म्हटलं.

“आई! नो मराठी! यू प्रॉमिस्ड!” सई ओरडली. तिला आम्ही चुका मोजायचं काम दिलं होतं, आणि सात वर्षांच्या मुलीला याहून आनंदाचं काम जगात नसतं. संध्याकाळपर्यंत नकाशाच्या मागे माझ्या नावावर अकरा रेघा होत्या, तिच्या बाबाच्या नावावर नऊ.

दुसऱ्या दिवशी रेघा कमी झाल्या. आम्हाला वाटलं, जमतंय. खरं म्हणजे आम्ही बोलणंच कमी केलं होतं. वाचलं मी आयुष्यभर इंग्रजीच जास्त, पण वाचायची भाषा वेगळी आणि मुलाचं नाक पुसायची वेगळी. नाक पुसताना मी त्याला नेहमी काय काय म्हणायचे! शेंबड्या, गुलामा, बघू तुझा हापूस आंबा. आता मी म्हणत होते, “लेट मी क्लीन युवर नोज.” हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईसारखी. तो पाहुण्यासारखा नाक पुढे करायचा. झोपवताना मी काही गुणगुणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पाठीवर नुसतं थोपटत राहिले. फळीवर मंदार कूस बदलत होता. एरवी दिवस संपला की आम्ही दोघं त्या दिवसाच्या चिंध्या करायचो: कोण काय म्हणालं, कोणाचं नाक कसं वर होतं. इंग्रजीत त्या चिंध्या होईनात. एका मुक्या मुलाला बोलतं करायला आम्ही चार माणसांचं मुकं घर केलं होतं, पण ते तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, शिस्त लागतेय.

इज्ब्यावर सादिक होता. पाकिस्तानातल्या थरचा, पन्नाशीचा, डोक्याला लाल-पांढरा रुमाल, कानाला सदैव फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टीलच्या भांड्यातून उंटिणीचं दूध आणलं, वर चार बोटं फेस. आम्ही दोघं ते मुलांना द्यावं की नाही यावर इंग्रजीत बोलू लागलो. तो ऐकत उभा राहिला, मग हलक्या आवाजात मंदारला म्हणाला, “साहब, घर में झगड़ा हुआ है क्या?”

“नहीं तो. क्यों?”

“देसी आदमी बीवी से अंग्रेज़ी तभी बोलता है.”

मला इतकं हसू आलं की ते दुधात गेलं. मंदारने त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीण, पाच भाषा, सगळं. सादिकने निनादकडे बघितलं, डोकं खाजवलं. मला धास्ती होती की आता हा काहीतरी अध्यात्म सांगणार. वाळवंटात भेटलेल्या माणसाने सांगायचं असतं, असा पुस्तकांचा दंडक आहे. पण तो म्हणाला, “अच्छा,” आणि फोन आला म्हणून निघून गेला.

दिवसभर निनाद कुंपणाशी उभा होता. सादिक उंटांना हाक मारायचा तेव्हा त्याचं अंग ताठ व्हायचं. ती हाक म्हणजे शब्द नव्हता. घशाच्या तळातून निघणारा लांबट आवाज, शेवटी किंचित वर जाणारा: “हॉऽऽह.” लांबवर विखुरलेले ठिपके थांबायचे, माना वळायच्या आणि पुढचे पाय दोरीने सैल बांधलेली ती जनावरं आखूड पावलं टाकत, घाई नसल्याचं दाखवत, यायची. माझ्या मुलाने संध्याकाळपर्यंत ते पंधरा-वीस वेळा पाहिलं. हाक मारली, की कुणीतरी वळतं. मी चहा गाळत होते.

तिसऱ्या सकाळी मला जाग आली ती दार ओढल्याच्या आवाजाने. उजाडलं होतं, पण खिडकी दुधाने भरल्यासारखी. धुकं. मंदार बाहेर पडला होता.

हे सांगायला हवं. मंदार घराबाहेर पडताना ‘येतो गं’ म्हटल्याशिवाय पडत नाही. कचरा टाकायला खाली गेला तरी. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचं, घरातल्याने ‘ये’ म्हणायचं, मग पाऊल बाहेर टाकायचं. आमच्याकडे हे चप्पल पायात सरकवण्याइतकं आपसूक होतं. इंग्रजीत त्याच्या जागी काही ठेवावं, हे आम्हा दोघांना सुचलंच नव्हतं, म्हणून दोन दिवस तो न बोलता बाहेर पडत होता आणि न बोलता आत येत होता. मी हात लांबवला. शेजारी निनादची जागा रिकामी, अजून ऊबदार. अजमानला रोज सकाळी तो त्याला कडेवर घेऊन बाल्कनीत जायचा. मला वाटलं, घेऊन गेला. कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.

दहा मिनिटांनी मंदार आत आला. हातात किटली. एकटा.

“निनाद?” मी विचारलं.

“तुझ्याजवळ ना?”

हे आम्ही दोघंही मराठीत बोललो. सईने रेघ मारली नाही.

दार नीट लागलं नव्हतं. बाहेर गाफचं झाड नव्हतं, कुंपण नव्हतं, लाल वाळू नव्हती. आपलेच हात कोपरापुढे अंधुक. गाडीच्या छतावरून दव टपटप गळत होतं. गाडीभोवतालची सगळी जमीन उंटांनी तुडवलेली. त्यात साडेतीन वर्षांच्या पावलांचा माग काढणार कसा? मी सईला पायरीवर बसवलं, हातात ताट आणि डाव दिला. “हे वाजवत राहा. थांबायचं नाही. आणि तू इथून हलायचं नाहीस, कळलं?”

“हो, आई,” ती म्हणाली. मराठीत.

मंदार डावीकडे धावला. “निनाऽऽद! निनाऽऽद!” धुक्यात त्याचा आवाज लगेच ओला होऊन पडत होता. मी उजवीकडे चार पावलं गेले आणि माझे पाय थांबले. हरवलेल्या मुलाची आई काय करते? हाक मारते. मूल ओ देतं, आणि त्या आवाजाच्या दिशेने ती जाते. माझं मूल ओ देत नाही. ते दहा हातांवर उभं असेल, मला ऐकत असेल आणि मी त्याला ओलांडून पुढे जाईन. इतकं साधं होतं ते. त्या क्लिनिकातल्या खुर्चीतसुद्धा मला कळलं नव्हतं की आपल्याला नेमकी कशाची भीती वाटतेय.

तरी हाक मारली. दुसरं काय होतं हातात? पण निनाद म्हणून नाही. “निन्याऽऽ! अरे सोन्याऽऽ! गुलामाऽऽ! कुठे कडमडलास रे? शेंबड्याऽऽ, माझ्या राजाऽऽ!” दोन दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. शिव्या, लाड, काय वाटेल ते. मागे ताट वाजत होतं. श्वास घ्यायला थांबले.

“हॉऽऽह.”

बारीक. समोरून कुठूनतरी. मला वाटलं, सादिक. तेवढ्यात सादिक माझ्या पाठीमागूनच पळत आला, रुमाल सुटलेला. “क्या हुआ, बहन? बच्चा?”

“सादिकभाई, हाक तुम्ही... अभी आवाज़ आपने दी?”

“मैं नहीं बोला,” सादिक म्हणाला. आणि आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो.

“निन्याऽऽ!” मी ओरडले.

“हॉऽऽह.”

“गुलामाऽऽ!”

“हॉऽऽह.” शेवटी किंचित वर जाणारी.

मी चालू लागले. बाजूला काहीतरी हललं. धुक्यातून आधी पाय दिसले, लांब, गुडघ्यांवर घट्टे पडलेले, मग पोट, मग खूप वर कुठेतरी एक मान. एक उंटीण. तिच्यामागे दुसरी. आखूड पावलं टाकत, घाई नसल्याचं दाखवत, त्या मी जात होते त्याच दिशेने चालल्या होत्या. म्हणजे त्या आवाजाच्या. काही अंतर आम्ही बरोबर चाललो. त्यांच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा आणि गोड गवताचा वास येत होता, पोटातून गुडगुड ऐकू येत होती. अजूनही कुठे ओलं गोणपाट दिसलं की माझे पाय भराभर पडू लागतात.

कुंपण वळतं तिथे चाऱ्यासाठी उभं कापलेलं निळं पिंप होतं. त्यात निनाद बसला होता. पायजमा भिजलेला, केसांत गवत. भोवती चार उंटिणी माना खाली घालून त्याला हुंगत होत्या. त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता, की मला क्षणभर आपण आगंतुक वाटलो. त्याने मला पाहिलं. मान मागे टाकली, माझ्याकडे बघत घशाच्या तळातून पुन्हा ती हाक मारली.

आणि मी म्हटलं, “ओ.”

तो थांबला. नीट बघितलं माझ्याकडे. पुन्हा हाक मारली.

“ओ,” मी म्हटलं. “ओ रे माझ्या राजा. ओ.”

मंदार आवाजाच्या रोखाने धडपडत आला आणि पिंपाशीच खाली बसला. ऑफिसात कधी न वापरलेल्या आवाजात म्हणाला, “सांगून यायचं रे. येतो म्हणायचं असतं.” कुणाला म्हणत होता कोण जाणे. सादिकने उंटिणींना बाजूला केलं, निनादच्या केसांतलं गवत काढलं आणि जरा दुखावल्यासारखा मला म्हणाला, “इतनी जल्दी तो मेरी भी नहीं सुनतीं.”

मागे सई ताट वाजवतच होती. तिला थांबायला सांगायचं आम्ही विसरलो होतो.

“मॅडम, देखा?” राखणदाराने दारातून डोकं घातलं. मांजरीचं पिल्लू माझ्या पायाशी येऊन झोपलं होतं. सुतार आला होता. मी बाहेर आले, शेल्फांची मापं दिली; त्यातलं एक चुकीचं दिलं, हे घरी गेल्यावर लक्षात आलं. निनाद सोफ्यावर लोळत फोनवर मित्राशी बोलत होता, तीन भाषांत, एकाही भाषेत वाक्य पूर्ण न करता. शब्द नंतर आले होते, आपल्या सवडीने. आधी मराठीतला आला की इंग्रजीतला, याची नोंद मी ठेवली नाही. त्या क्लिनिकच्या पुढच्या तारखेला आम्ही गेलोच नाही. बाईंचं चुकलं असं मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण घर मुकं करून मूल बोलतं होत नाही, एवढं मी एका पिंपाशी उभी राहून शिकले.

तेव्हा, चौथ्या दिवशी, आम्ही परत निघालो. गाडीत नुसता कालवा. मंदार एका ट्रकवाल्याला अस्सल शिव्या देत होता, मी त्याला गाडी चालवायला शिकवत होते, सई उंटिणीचं दूध कसं लागलं ते मराठीत सांगू पाहत होती, अडली की इंग्रजीत शिरत होती आणि आम्ही कुणी मोजत नव्हतो. निनादला मागच्या खुर्चीत बांधलं होतं. शारजाच्या अलीकडे सगळं तुंबलं. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्या, सगळ्यांचे झेंडे, सगळ्यांचे हॉर्न. निनादने खिडकीबाहेर बघितलं. इतके सगळे थांबलेले त्याने कधी पाहिले नसावेत.

“हॉऽऽह,” त्याने हाक दिली.

“ओ,” सई म्हणाली.

त्याने वळून आरशातून बापाकडे बघितलं. “हॉऽऽह.”

“ओ,” मंदार म्हणाला.

मग माझी पाळी. मग पुन्हा सईची. शेजारच्या रांगेत झेंड्यात गुंडाळलेली एक लांबलचक काळी गाडी होती. तिची काच हळूच खाली आली आणि चकचकीत काळा चष्मा लावलेला माणूस आमच्याकडे बघत राहिला. सिग्नल सुटायला बराच वेळ लागला. आम्ही ओ देत राहिलो.